तिसरा घाणा

प्रिय गौतम,

हो, मीच. अक्षर ओळखून तू पाकीट न फोडताच बाजूला ठेवशील अशी धास्ती होती, म्हणून पत्ता छापून चिकटवलाय. एवढी लबाडी माफ कर आणि शेवटपर्यंत वाच.

आधी घरची खबर. रविवारी डिलाईल रोडला जाऊन तुझ्या आईला भेटून आले. तू पुण्याला गेलास म्हणून माझं जाणं थांबलेलं नाही. दारात पाऊल ठेवलं की बकुळाकाकूंचं पहिलं वाक्य अजून तेच, “गो, जेवलंस काय?” आणि मी उत्तर देईपर्यंत ताट पुढ्यात. गुडघा दुखतोय त्यांचा, पण तुला कळवायचं नाही अशी मला ताकीद आहे. तरी सांगतेय. बाकी सध्या भलत्याच खुशीत आहेत. चाळीची दुरुस्ती अखेर होणार! गॅलऱ्यांखालचे ते गंजून पापुद्रे सुटलेले लोखंडी गर्डर काढून नवे बसवणार आहेत. कंत्राटदाराची माणसं मापं घेऊन गेली. काकूंनी मला गॅलरीत नेलं आणि शेजारणींना ऐकू जाईल अशा आवाजात विचारलं, “इरा, नव्या लोखंडाक तुमचोच रंग लावतले म्हणे, खरा?” मी हो म्हटलं. त्यांनी माझ्या पाठीवरून हात फिरवला. त्या हातापासून मला अन्न गोड लागत नाहीये, गौतम.

आपल्या रंगाबद्दल काकूंना काय वाटतं ते तुला ठाऊकच आहे. ग्राफीन म्हणजे काय हे त्यांना समजावताना तू शिसपेन्सिल पुढे धरली होतीस. यात असतं तेच, फक्त एकावर एक बसलेल्या लाखो थरांमधला एकच थर सोलून काढायचा. त्यावर त्या म्हणाल्या होत्या, “म्हणजे कांदो!” आपण किती हसलो होतो. ग्राफाइटची भुकटी द्रावणात फेटायची, थर सुटे करायचे आणि ते लोखंडाच्या प्रायमरमध्ये मिसळायचे. दर खेपेला आपण ‘घाणा’ म्हणायला लागलो तेही त्यांच्या वड्यांवरून. पहिला घाणा तू काढलास. पत्र्यावर रंग लावला, त्यावर खोल चरा काढला आणि पत्रा मिठाच्या फवाऱ्यात ठेवला. बाजारातल्या रंगांचे पत्रे चऱ्यापासून गंजत गेले, आपला जसाच्या तसा. तुला वाटलं फवारा बंद पडलाय. तू आत हात घालून पाहिलास आणि खारट बोटं मला चाटायला लावलीस. त्या संध्याकाळी लालबागच्या आपल्या गाळ्यात मिरच्या कांडण्याचा ठसका भरला होता. आपण दोघं खोकत होतो, हसत होतो आणि डोळ्यांतलं पाणी कशाचं ते दोघांपैकी कुणीच विचारलं नाही.

त्यानंतर तसा घाणा पुन्हा निघाला नाही. भुकटी तीच, भांडं तेच, हातही तेच. कधी थर जाड राहिले, कधी गुठळ्या झाल्या, कधी सगळं सूक्ष्मदर्शकाखाली देखणं दिसूनही पत्रा आठवड्यात तांबडा झाला. तू दीड वर्षं झगडलास आणि मग एक दिवस हात धुऊन म्हणालास, “इरा, आपल्याला एकदा देव दिसला. त्याचा धर्म करू नकोस.” मी तेव्हा काय काय बोलले ते पुन्हा लिहीत नाही. तुझं बरोबर होतं असं आजही मी म्हणणार नाही. एकदा निघालेली गोष्ट पुन्हा निघायलाच हवी, हे मी अजून मानते. त्या मानण्यावरच आजवर उभी आहे.

तू गेल्यानंतर गुंतवणूकदारांचे दरवाजे एकामागून एक बंद झाले. सुरुवातीला ग्राफीन म्हटलं की लोक खुर्ची पुढे ओढायचे. आता घड्याळ बघतात. “मॅडम, दहा वर्षं ऐकतोय, पुढच्या वर्षी येणार, पुढच्या वर्षी येणार. जगात बनवणारे शेकड्याने आहेत, विकत घेणारा एक दाखवा.” कुणी सांगितलं, ग्राफीनच्या नावाखाली निम्मे लोक काळी भुकटी विकतात, तुम्ही वेगळ्या कशावरून? कुणी म्हणालं, कंपनी बंद करा, तुम्हाला नोकरी देतो. त्यांचा राग यायचा, पण खरं सांगू का, त्यांच्या प्रत्येक शंकेचं उत्तर माझ्याजवळ होतं आणि ते एकाच डब्यात होतं. तुझ्या पहिल्या घाण्याचा उरलेला डबा. तो मी कपाटात कुलूप लावून ठेवला होता. फार खचले की उघडून बघायची.

मग विकास आला. दादरचाच मुलगा, बाहेर शिकून आलेला, एका फंडात मोठ्या जागेवर. परळला जुन्या गिरणीच्या आवारात त्यांचं ऑफिस आहे. आपल्या गाळ्यात येऊन स्टुलावर बसणारा तो पहिला गुंतवणूकदार. त्याने विचारलं, “विकायचं कुणाला?” मी जहाजं, पाइपलाइनी असं बोलू लागले. त्याने मला थांबवलं. “छोटं बोला. मुंबईत गंजतं काय? चाळींचे गर्डर.” दुरुस्तीची मोठी कामं घेणारा एक कंत्राटदार त्याने गाठला. आज गर्डरभोवती काँक्रीटचा लेप देतात. तो वेळ खातो, वजन वाढवतो. आपला प्रायमर टिकला तर लेप वगळता येईल आणि कामं झपाट्याने होतील. कंत्राटदार तयार झाला. विकासने आपल्या कमिटीला तयार केलं, म्हणजे अर्धंमुर्धं. त्यांनी एक अट घातली. लागोपाठ तीन घाणे काढा, तिन्हींचे पत्रे सारखे उतरले तर पैसे. अट वाजवी होती. तू असतास तर तूही हीच घातली असतीस.

पहिले दोन घाणे उतरले, गौतम! तुझ्या त्या घाण्याइतके चांगले नव्हेत, पण मान्य होण्याजोगे. गाळ्यात सगळे कुजबुजत बोलायला लागले, मोठ्याने बोललं तर दृष्ट लागेल असं. बाबा गिरगावात ओळखीच्या प्रत्येकाला थांबवून ग्राफीन सांगायला लागले. तिसरा घाणा मी स्वतः काढला. पत्रे रंगवायला रुपालीकडे दिले. रुपाली तुला आठवते ना? शीव कोळीवाड्यातली, पत्र्यावर ब्रश असा फिरवते की जोड दिसत नाही. तिचं लग्न झालं, मुलगी आहे, नवऱ्याची नोकरी सुटलीय. फवाऱ्यातून तिसऱ्या घाण्याचे पत्रे निघाले तेव्हा मी ते उन्हात धरून पाहिले. चऱ्याच्या कडेला डागसुद्धा नाही. आधीच्या दोन्हींपेक्षा सरस. मी रुपालीला मिठी मारली. ती लाकडासारखी उभी राहिली. मला वाटलं, थकली असेल.

दोन दिवसांनी कपाट उघडलं. तुझा डबा उचलला तर हाताला हलका लागला. रिकामा. मी काही विचारायच्या आतच रुपाली मागून म्हणाली, “मी घेतलं. पत्र्यांना तेच लावलं.” माझा तिसरा घाणा तिने एका पत्र्यावर लावून आधीच गुपचूप तपासला होता. तो पत्रा तिने काढून दाखवला. वरून रंग गुळगुळीत होता, नखाने टोकरला तर पूर्ण साल निघाली आणि खाली सगळं लोखंड पोखरलेलं. तुला कारण सांगायला नको. घाणा चांगला उतरला तर ग्राफीन लोखंडाला राखतं. नाही उतरला तर आतल्या आत लोखंड खायला मदत करतं, न रंगवलेल्यापेक्षाही लवकर, आणि वरून पत्ता लागत नाही. मी तिच्यावर ओरडले. ती रडली नाही. म्हणाली, “मॅडम, ते पण आपलंच ना? चोरून आणलंय का? आपणच बनवलेलं. फक्त तारीख चुकीची.” मग म्हणाली, “तुम्ही आरशात बघितलंय का हल्ली स्वतःला? मला तुमची भीती वाटायला लागलेली. हे पण नाही झालं तर तुम्ही काय करून घ्याल, म्हणून केलं.” मी तिथेच जमिनीवर बसले. तिने मला पाणी दिलं.

दुसऱ्या दिवशी मी विकासकडे गेले आणि सगळं सांगितलं. रुपालीचं नाव घेतलं नाही, माझ्या गाळ्यात झालं म्हणजे माझंच. वाटेत मला वाटत होतं, तो चिडेल, दार दाखवेल आणि एकदाचं संपेल. त्याने उठून केबिनचं दार लावलं. मग म्हणाला, “हे तू मला सांगितलं नाहीस. ओके? मी कमिटीला सांगून बसलोय. गेल्या वर्षी दोन कंपन्या माझ्या शब्दावर बुडाल्या, ही तिसरी मला परवडणार नाही.” मी गर्डरांचं बोलले. तो म्हणाला, “इरावती, लोखंड गंजायला वर्षं लागतात. पैसे आले की तुला हवं ते मशीन घे, हवी ती माणसं घे, वर्षभरात तुझा घाणा बसव. मोठे मोठे असेच उभे राहिलेत. शंका घ्यायचं काम माझं आहे, तुझं काम विश्वास ठेवायचं.” आणि त्याचा आवाज दुष्ट नव्हता रे. विनवणीचा होता. त्याच्या जागी मी असते तर हेच बोलले असते, इतकं मला त्याचं पटत होतं. तीच तर भीती आहे.

कारण रोज सकाळी मी ठरवून निघते की आज नाही म्हणायचं. गाळ्यात शिरते तर रुपाली मुलीला शाळेत कुठे घालायचं याची चौकशी करत असते, पोरं नव्या भांड्यासाठी जागा आखत असतात. आणि मग माझ्याच आत तो विचार सुरू होतो. वर्षभर मिळालं तर? नवं यंत्र मिळालं तर? गंज चढायच्या आत कारण सापडलंच तर? एकदा झालंय ना! गुंतवणूकदारांच्या भाबडेपणाला आपण हसायचो, गौतम. सगळ्यात भाबडी गुंतवणूकदार मीच निघाले. चाळीचे ते गर्डर डोळ्यांसमोर असूनही मी सही करणार आहे. शुक्रवारी सही आहे आणि मी स्वतःला ओळखते. समोर कागद आला की हात पुढे जाईल. काकूंना जसं हो म्हटलं, तसंच.

आता मी हे का लिहिलं ते सांगते. सहीच्या आधी कमिटीला एका बाहेरच्या माणसाचा शेरा हवा आहे. पत्रे पुण्याला तुमच्या संस्थेत पाठवलेत, विकास बोलता बोलता संस्थेचं नाव बोलून गेला. लेपांची तपासणी तिथे तूच करतोस, हे त्याला माहीत नाही. त्यावर कंपनीचं नाव नसेल, नुसते आकडे असतील. पण तिसऱ्या संचातला पत्रा सूक्ष्मदर्शकाखाली धरशील तेव्हा तू तो ओळखशील. तसे थर तू आयुष्यात एकदाच पाहिलेत. तुला वाटेल, इराला जमलं. मी तुला ओळखते, तुझे डोळे भरून येतील, सगळं विसरून तुला आनंद होईल आणि त्या आनंदात तू शेरा लिहून टाकशील. म्हणून सांगतेय. मला जमलेलं नाही. तो तुझाच घाणा आहे. त्याला नापास कर, गौतम. कारण म्हणून हे पत्र जोड, मी नाकारणार नाही. माझ्या हातून हे थांबत नाही, माझ्यात तेवढं बळ उरलेलं नाही. मोबाइलवर लिहिलं असतं तर तू वाचायच्या आत मी ते पुसून टाकलं असतं. कुरियरवाला खाली आलाय. एकदा हे त्याच्या हातात गेलं की मला परत घेता येणार नाही.

तुझ्या नकाराची वाट पाहणारी,
तुझीच
इरावती