मोटरीत सोडलेलं तेल

सोलापूर, मंगळवार संध्याकाळ

दोन दिवस लिहायचं राहिलं, चुकलंच. धाकट्या बहिणीचा, कमलचा, जुना व्हॅक्युम क्लीनर उघडून बसलो होतो. मोटरीला वीज पोचवणारे कार्बनचे तुकडे झिजले होते. मिक्सरचे कार्बन फरशीवर घासून मापाचे केले आणि बसवले. मोटर फिरली. कमल म्हणाली, "दादा, आता ह्याच्यावर चादर इनू नगं की!" दुपारच्या गाडीनं ती तो घेऊन अकलूजला गेली.

आत्ता आठवलं, मी आत तेल सोडलं होतं. जन्म चादरी विणत मागावर गेला, फिरतं दिसलं की तेल! पण कार्बनवर तेल गेलं तर? ठिणगी पडली तर? तिला धुळीनं दमा, पोचताच घर झाडायला तो चालू करणार. घरात एकटी. फोन उचलत नाही. किती तेल सोडलं मी? कमल, बटण दाबू नकोस गं. पोचलीस की लगेच फोन कर.