बारावी खुंटी

३ मार्च, सोमवार

पोचलो एकदाचा. बस दोन तास उशिरा, बॅगेचं चाक वाटेत निखळलेलं, पण धक्क्याचं वळण घेतलं आणि समोर तीन डोलकाठ्या दिसल्या, तेव्हा सगळा शीण गेला. छायाचित्रात हे जहाज एवढं मोठं वाटलं नव्हतं. एकशे तेरा वर्षांचं आहे. शिडांवर चालणारं, गहू वाहून नेणारं. इंजिन असं कधी नव्हतंच. आता ते इथे कायमचं बांधून ठेवलंय आणि येत्या सोळा तारखेला लोकांना बघण्यासाठी खुलं होणार आहे.

छापखान्यात छत्तीस वर्षं मी मुद्रितं तपासली, म्हणजे दुसऱ्यांच्या चुका काढून पोट भरलं. स्वतःचं म्हणून एक वाक्य कधी छापून आलं नाही. आता या जहाजाचा इतिहास मी लिहायचा, आणि डेकवर लागणारे फलकही माझ्याच मजकुराचे. निवृत्तीनंतर एवढी हौस कुणाची पुरवली जाते?

राहायला जुन्या खलाशांची खोली मिळाली आहे. बाक, टेबल, गोल खिडकी. संग्रहालयाच्या व्यवस्थापक बाई तुरुतुरु चालणाऱ्या आणि त्याहून भरभर बोलणाऱ्या. दुरुस्तीचं सगळं काम एका मिस्त्रींकडे आहे. सत्तरी उलटलेले, कमी बोलणारे. त्यांचे गुरूही याच जहाजाचे सुतार होते.

सरकारला फोन केला. (बायकोला मी सरकार म्हणतो. घर तिच्याच हुकमाने चालतं.) चष्मा घेतला का, गोळ्या घेतल्या का, निघताना नळ बंद केला होता का, अशी उलटतपासणी झाली. नळ मी बंद केला नव्हता. तिने मागाहून केला, हे तिने शेवटी सांगितलं. छापलेल्या ओळीतली एक मात्रा चुकली तर मला झोप येत नाही, पण घरात माझ्या मागे फिरून दिवे, नळ आणि कपाटं बंद करते ती हीच.

४ मार्च, मंगळवार

आज मिस्त्रींनी जहाज दाखवलं. डेकच्या मधोमध चौकोनी तोंड आहे, त्यातून शिडी खाली कोठीत उतरते. या कोठीत गहू सुटाच ओतून नेत. आता ती रिकामी आहे, पण वास अजून येतो, दळणाच्या डब्यासारखा. आत जायला-यायला हा एकच रस्ता. वरून जाड फळ्यांचं झाकण, त्यावर ताडपत्री, कडेने पाचरी ठोकलेल्या.

तोंडाजवळ एक फळा टांगलेला आहे. त्यावर बारा खुंट्या आणि खुंट्यांना लाकडी बिल्ले. बिल्ल्याची एक बाजू पांढरी, दुसरी काळी. कोठीत उतरताना माणसाने आपला बिल्ला काळा करायचा, वर आल्यावर पांढरा. सगळे पांढरे दिसले की झाकण लावायचं. मिस्त्री आजही हे पाळतात. मलाही माझ्या नावाचा एक बिल्ला मिळाला, अकराव्या खुंटीवर. त्यांनी दोनच नियम सांगितले. दुसऱ्याचा बिल्ला आपण कधी फिरवायचा नाही. आणि बारावी खुंटी रिकामी ठेवायची.

का, म्हणून विचारलं तर म्हणाले, पहिल्यापासून तसंच आहे. वर आल्यावर मी बिल्ला फिरवायला विसरलो. त्यांनी मला हाक मारून परत बोलावलं आणि माझ्याच हाताने फिरवायला लावला.

६ मार्च, गुरुवार

काम झकास चाललंय. जुन्या नोंदवह्यांची पेटी मिळाली. कप्तानाचं अक्षर मुंग्यांच्या रांगेसारखं, पण वाचता येतं.

सरकार उद्‌घाटनाला येणार, अगदी नक्की. माझं पहिलं छापील काम पाहायला येणार म्हणून काल फोनवर तिचा आवाजही बदलला होता. तिला गंमत वाटावी म्हणून दुपारी एक बिल्ला तासला, रंगवला आणि वर सुबक अक्षरांत ‘सरकार’ लिहिलं. कुठे लावायचा? अकरा खुंट्या भरलेल्या, बारावी रिकामी. ओळीच्या शेवटी मोकळी जागा राहिली की माझा हात शिवशिवतो. लावून टाकला. मिस्त्री आज सुट्टीवर आहेत. आल्यावर सांगेन. दोन-चार दिवसांचा तर प्रश्न.

८ मार्च, शनिवार

सकाळी सरकारचा बिल्ला काळा दिसला. वाऱ्याने फिरला असणार. मी पांढरा केला.

दुपारी जेवून बसलो असताना कोठीतून आवाज आला. टक, टक, टक. मग थांबून पुन्हा. झाकण उघडंच होतं. डोकावून पाहिलं, खाली काही नाही. बाईंच्या मते जुनं लाकूड उन्हाने तडतडतं, आणि पाहुणे विचारणारच, तेव्हा त्यावरही एक फलक हवा. तिथल्या तिथे लिहून दिला: ‘कोठीतून कधी कधी टकटक ऐकू येते. जुन्या लाकडाची ही सवय आहे. घाबरू नये. लक्ष दिले नाही की ती आपोआप थांबते.’ बाई खूश. फलक रंगाऱ्याकडे गेलासुद्धा. शेवटच्या वाक्याचा मला जरा अभिमान वाटतोय.

१० मार्च, सोमवार

बिल्ला काल काळा होता, आजही काळा. दोन्ही दिवस मीच पांढरा केला. फोनवर सरकारला गमतीने सांगितलं की तू इथे रोज खाली जातेस आणि मी तुला रोज वर आणतो. ती हसली, पण हसता हसता खोकला लागला. धुळीने घसा धरलाय म्हणे. घरात कसली आली आहे धूळ, ती तर दिवसातून दोनदा पुसते.

मिस्त्रींना ताप आहे. बुधवारी येतील.

११ मार्च, मंगळवार

आज तिचाच फोन आला. उशीच्या अभ्र्यात गव्हाचे दाणे सापडले. माझ्या बॅगेतून आले असतील म्हणून माझीच खरडपट्टी काढली. मी इथे आल्यापासून ती बॅग घरी गेलेलीच नाही.

आणखी म्हणाली, हाताची नखं तुटताहेत. सकाळी उठते तेव्हा बोटं दुखतात, रात्रभर काहीतरी ठोकत असल्यासारखी.

फोन ठेवला. मग जाऊन बिल्ला पाहिला. सकाळी पांढरा केला होता. काळा होता.

१२ मार्च, बुधवार

सापडलं. चौथ्या नोंदवहीत. कप्तानाच्या शब्दांत उतरवून ठेवतो.

‘वादळाची चिन्हे. बारावा खलाशी गहू सपाट करण्यास कोठीत. शीड शिवणाऱ्याने त्याचा बिल्ला काळा पाहिला, तो विसरला असे समजून पांढरा केला. सर्व पांढरे. झाकण लावले.’

दुसऱ्या दिवशी: ‘खालून टकटक. माल सरकतो आहे. लक्ष देऊ नये.’

हेच वाक्य एकोणीस दिवस. एकोणीस. मग बंदराची नोंद: ‘झाकण काढले. मानेपर्यंत गव्हात, उभा. एक हात वर.’

शीड शिवणारा वाईट माणूस नव्हता. मित्राचा विसराळूपणा निस्तरायला गेला, एवढंच.

मिस्त्री आले. बाराव्या खुंटीकडे त्यांची नजर गेली आणि त्यांनी विचारलं, हा कुणी लावला, कुणी फिरवला? मी घाईघाईने बिल्ला काढायला गेलो तर म्हणाले, आता उपयोग नाही, तुम्ही तो लावलाय, वरून फिरवलायही. त्यांच्या गुरूंनी त्यांना जे सांगितलं होतं ते मला सांगितलं. जो खाली आहे त्याला वर यायचंय. पण मोजणी जुळायला हवी. कुणीतरी खाली गेल्याशिवाय तो वर येऊ शकत नाही.

बिल्ला काढलाच. कुऱ्हाडीने दोन तुकडे केले आणि पाण्यात फेकले.

१३ मार्च, गुरुवार

बाराव्या खुंटीवर बिल्ला. अखंड. माझंच अक्षर. काळा.

रंग ओला होता, पण रंगाचा नव्हता तो ओलावा. दाणे चिकटले होते.

सरकारला बजावलं, येऊ नकोस. कारण काय सांगू? बरं वाटत नाही म्हणालो, तर म्हणे मग तर येतेच. चौतीस वर्षं तुमच्या मागे दिवे बंद करत आले, आता तुमचं नाव छापून आलंय तर घरी बसू? खोकत खोकत बोलत होती. मध्येच थांबली, काहीतरी थुंकली. काय ते विचारलं. गहू, म्हणाली. अगदी सहज. मला रडू आलं.

१४ मार्च, शुक्रवार

बाईंना गाठलं. फलक बदला म्हटलं. उद्‌घाटन पुढे ढकला म्हटलं. त्यांनी नोंदवही वाचली, चेहरा गंभीर केला, आणि असलं काही लावलं तर मुलांच्या सहली येणार नाहीत म्हणाल्या. फलक रंगवून आले आहेत. डेकवर ठोकले. मिस्त्री एकटेच माझ्या बाजूचे. रविवारी पाहुण्यांसमोर जुन्या पद्धतीने झाकण लावून दाखवायचंय, मग पावसाळा संपेपर्यंत कोठी बंद. तोवर सांभाळा, म्हणाले.

मार्ग एकच. सरकारला जहाजावर पाय ठेवू द्यायचा नाही. रविवारी स्टँडवर मीच जाणार. तिथूनच परतीच्या बसमध्ये बसवणार, आणि मीही तिच्यासोबत जाणार. इतिहास गेला खड्ड्यात.

बाईंना सांगून ठेवलं की अकराला मी स्टँडवर असेन.

१५ मार्च, शनिवार

टकटक आता दिवसभर चालू असते. आज सोबत खोकलाही —

तिचा नाही. तिचा नाही. ती घरी आहे, आत्ताच फोनवर बोललो.

१६ मार्च, रविवार

सकाळी १०. निघतोय. फोन चार्जिंगला लावलाय, तो घ्यायचा —

१०.२०. फळ्याजवळ हिरवी पिशवी. तिची. बाईंनी तिला पाहुण्यांच्या गाडीतून लवकर आणवलं असणार, मला न सांगता. ती कुठेच दिसत नाही. बारावा बिल्ला काळा. आणि खालून खोकला. तिचा. चौतीस वर्षं ऐकतोय, चुकणार नाही.

माझा बिल्ला काळा केला. आयुष्यात पहिल्यांदा आठवणीने. उतरतोय.

खाली. टॉर्च आहे. ती नाही. कुणीच नाही. फक्त तिचा बिल्ला, तुळईला टेकून ठेवलेला. खोकलाही थांबला —

वर तिचा आवाज. वरच आहे. देवा, वरच आहे. हसतेय. बाईंच्या ऑफिसात चहा घेत बसले होते, म्हणतेय. जिवात जीव आला.

मला शोधतेय. बाई सांगताहेत, ते तर स्टँडवर गेले असतील. मी हाक मारली. नेमका बँड सुरू झाला.

शिडीकडे जातोय. पाय उचलत नाहीत. जमिनीवर गहू आहे. मघाशी नव्हता. घोट्यापर्यंत.

तिचा आवाज, अगदी तोंडाशी. म्हणतेय, बघा, गेले स्टँडवर आणि बिल्ला तसाच काळा. नेहमीचंच. रोज मला वर आणत होते म्हणे, आज मी यांना आणते.

नको — सरकार, नको, हात लावू —

मिस्त्री मोजताहेत. ऐकू येतंय. सगळे पांढरे.

फळ्या. एक. दोन. उजेड पट्टीएवढा. गेला.

पाचरी ठोकताहेत. टाळ्या.

शिडी चढलो, गहूही मागोमाग चढला, गुडघ्यांपर्यंत. फोन वर खोलीत. शिडीच्या शेवटच्या पायरीवर आहे, झाकणावर ठोकतोय. माझ्या शेजारी अजून कुणीतरी ठोकतंय. मी थांबलो तरी —

थांबलं. शेजारचं थांबलं. वर डेकवर पावलं वाजली. अनवाणी, जड. आणि दाणे सांडल्याचा आवाज.

खाली मी एकटाच आता.

कमरेपर्यंत. बँड थांबला. आता ऐकू जाईल. जोरात ठोकतोय. शांत झाले सगळे. ऐकलं. ऐकलं त्यांनी —

ती बोलतेय. माझ्या डोक्यावर. पाहुण्यांना फलक वाचून दाखवतेय. कौतुकाने. हे आमच्या ह्यांनी लिहिलंय म्हणतेय. जुन्या लाकडाची ही सवय आहे. घाबरू नये.

हसले सगळे.

लक्ष दिले नाही की —

सरकार, लाकूड नाही, मी ठो