नळीतून आभाळ

११ फेब्रुवारी, उदगीर
हैदराबादच्या नेमबाजी क्लबातून आणलेलं पोतं आज ओसरीवर ओतलं. सगळ्या मारून टाकलेल्या काडतुसांच्या रिकाम्या पुंगळ्या. परदेशी, पण स्वस्तातल्या. चांगल्या होत्या त्या आधीच कुणी उचलल्या, आपल्या वाट्याला ह्या. अंगाला पातळ. परत भरल्या की तोंडाशी चिरतात, अन् बुडात बसवलेलं बूच ढिलं होतं. हे ढिलं बूच बाराबरोबर सुटलं तर बार फुसका जातो अन् बूच नळीत अडकून बसतं. त्यावर पुढचा बार टाकला की नळी फुटते. मग हात जातो नाहीतर डोळा. म्हणून भरायच्या आधी एकेक पुंगळी कानाशी धरून हलवायची. खुळखुळली की फेकायची. फौजेत हेच शिकलो. डावा कान तिथंच ठेवून आलो, उजव्यावर चाललंय.
दिवसभर हलवल्या. एकही खुळखुळली न्हाई. माल वाटला तितका वाईट नाही.

१४ फेब्रु.
बसप्पाच्या दुकानात गेलो, नवी काडतुसं मागितली. म्हणाला, "हवालदारसाहेब, तुमचं लायसन नव्या जिल्ह्यात चढू द्या. तवर मला एक टोपी सुदीक देता येत न्हाई." त्याचंही बरोबर. लातूर जिल्हा झाला, पेढे वाटले, फटाके फुटले. दप्तरं अजून इकडं यायची आहेत. तोवर घरात आहे तेवढीच दारू, तेवढेच छर्रे, बार पेटवायच्या तेवढ्याच टोप्या.
एप्रिलात नांदेडला नेमबाजीची निवड चाचणी. आपल्या पोरीचं, सुजाताचं नाव गेलंय. निवड झाली तर शिबिर, अन् तिथून खेळाडूच्या जागेवर नोकरी. नाहीतर मामानं आणलेलं देगलूरचं स्थळ आहेच. त्या पोराचा फोटो तिनं उलटा करून फडताळात ठेवलाय.
बसप्पा हल्ली तोंडातल्या तोंडात बोलतो. दोनदा विचारावं लागलं.

२० फेब्रु.
तळ्यात सराव. तळं कसलं, भेगाळलेली जमीन. जनावरं सुद्धा फिरकत नाहीत. एक बरंय, छर्रा कुणाला लागायची भीती न्हाई. कुंभार नेमाच्या चकत्या द्यायला तयार नाही, प्यायला पाणी नाही तर माती कशानं भिजवू म्हणतो. म्हणून फुटक्या मडक्यांच्या खापऱ्या. जीपच्या पाट्याची फेकणी मी केलेली, दोरी ओढली की खापरी उडते. सु. "सोड" म्हणते, मी ओढतो.
आज बऱ्याचदा उशीर झाला. "बाबा, मी केव्हाची ओरडून राहिले!" म्हटलं, जेवली न्हाईस का? जरा दम लावून ओरड. हसली नाही.

५ मार्च
ओसरीवर भरत बसलो होतो. भरलेल्या पेटीत टाकायच्या, रिकाम्या पोत्यात. मन लागलं होतं. आमची ही रिकाम्या हातानं आली अन् अंगणात उभी राहिली. टँकर येऊन गेला म्हणे. हिनं रांगेत जागा धरली, अन् घागरी घेऊन या म्हणून मला हाका मारल्या. नंबर गेला.
"घसा बसला माझा. शेजारीण आली धावत, तुमी मान सुदीक वर केली न्हाई."
म्हटलं, कुणी हाक मारली? कवा?
ही पदर झटकून आत गेली. भांडली असती तर बरं झालं असतं. घरात आज पाणी नाही. सु. कुणाकडून तरी कळशीभर घेऊन आली.

१२ मार्च
सु.ला नवी खोड लागलीय. "सोड" म्हणायच्या आधी डावी टाच उचलते. रागावलो, चाचणीत असलं चालत न्हाई. खाली बघत राहिली. पण दोरी आता वेळेवर ओढली जाते. नेम फार सुंदर बसलाय पोरीचा. खापरीची भुकटी होते अन् वाऱ्यावर जाते. बघत बसावं असं वाटतं.

२७ मार्च
हे लिहिलंच पाहिजे.
सकाळी तळ्यात. सु.नं बार टाकला, खापरी तशीच गेली. मला वाटलं नेम चुकला. तिनं दुसरं काडतूस घातलं, बंदूक मिटली, खांद्याला लावली, अन् थांबली. मी मागून ओरडलो, "थांबू नको! मार! मार म्हणतो ना!"
आजवर माझा शब्द मोडला नाही तिनं. आज मोडला. बंदूक उतरवली, उघडली, काडतूस काढलं, नळी डोळ्याशी धरून वर पाहिलं. मग ती घेऊन माझ्यापाशी आली. नळी दाखवली. आत अंधार. बूच आडवं बसलेलं.
म्हणाली, "बाबा, तो बार फुस्स झाला. तुमाला ऐकू न्हाई आलं?"
मला सगळे बार सारखेच वाटून राहिलेत. कवापासून, ते ठाऊक न्हाई.
मी "मार" म्हणालो होतो. आपल्या पोरीला.

२८ मार्च
सु.नं पोत्यातून एक पुंगळी काढली, माझ्या उजव्या कानाशी हलवली. "येतंय?" नाही. मग तिच्या आईच्या कानाशी नेली. ही म्हणाली, "खुळखुळून राहिलं की."
दुसरी. तिसरी. ही अंगणात उभी राहून नुसती मान हलवत होती, हाव, हाव, हाव. पोत्यात राहिलेल्यांपैकी निम्म्याहून जास्त खराब निघाल्या. मी एकेकीला बोट लावून बघितलं, तेव्हा कळलं, बोटाला थरथर लागते. कानाला काही नाही.
म्हणजे पेटीत भरून ठेवलेल्यांतही निम्म्या तशाच. अन् भरलेली हलवून कळत नाही, बूच दारूखाली दबलेलं असतं.
इतके दिवस बसप्पाला, हिला, पोरीला, सगळ्या दुनियेला बोल लावला. हळू बोलता म्हणून. लाज वाटते.

३१ मार्च
एक भरलेली उघडून पाहिली. तोंड फाटलं. दुसरी उघडली, तीही फाटली. पातळ माल, एकदा दुमडली की परत उलगडत न्हाई. म्हणजे पेटी उघडली तर पेटी गेली. पोत्यातल्या धड राहिल्यात त्या भराव्या तर टोप्या संपल्या. बसप्पाकडं परत गेलो. बिचाऱ्यानं हात जोडले. ऐकू येईना म्हणून लिहून दे म्हटलं, "अजून न्हाई" लिहिलं.
सु.ला म्हटलं, नांदेड राहू दे.
"राहू दे म्हंजी? मग देगलूरला पाठवा."

३ एप्रिल
घरात रणकंदन. ही म्हणाली, "पोरीचा डोळा गेला तर ती बंदूक मी विहिरीत टाकीन."
म्हटलं, विहिरीत पाणी कुठाय, आदळंल.
"मग तुमाला टाकीन. तुमी मऊ हाईत."
सु. हसली, मग मी हसलो. ही हसली नाही. चुलीकडं तोंड करून बसली. बऱ्याच वेळानं डोळे पुसले. धुरानं असेल म्हणायची सोय नव्हती, चूल विझलेली होती.
आमची देवणी गाय कालच चारा छावणीला गेली. गोठा मोकळा, घरात कुणाला कुणाकडं बघवत नाही.

९ एप्रिल
सु.नं तोड काढलीय. दर बाराला बंदूक उघडायची, पुंगळी काढायची, अन् नळीतून आभाळ बघायचं. आभाळ दिसलं तरच पुढचं काडतूस. बाकीचे मोकळ्या हातानं मारतील, ही दर वेळी वर बघणार. ताल मोडतो. परवा खापऱ्या हुकत होत्या, आज जरा कमी.
रिकामी बंदूक घेऊन अंगणात दिवसभर तेच. उघड, बघ, मीट. मी समोर बसलो. आभाळात ढगाचा ठिपका न्हाई, नळीतून दिसायला सोपं. म्हणाली, "बाबा, तुमी कायबी करू नका. फक्त माझ्या खांद्याकडं बघा. धक्का कमी बसला की हात वर करा." म्हणजे कानाचं काम डोळ्याला दिलं तिनं. माझी अब्रू राखून दिलं.
हो म्हणालो. बाप म्हणून नाही म्हणायला पाहिजे होतं. तिचं तोंड बघून जमलं नाही.

१६ एप्रिल, नांदेड
मैदानावरच लिहितोय, पेटी मांडीवर आहे. ही आली नाही, टँकरसाठी थांबली. निघताना सु.च्या कपाळावर हात ठेवला, माझ्याकडं पाहिलं सुद्धा नाही.
पहिली फेरी झाली. पोरीनं कमाल केली. पंचांनी दोनदा टोकलं, "बाई, किती वेळ वर बघता, लवकर आटपा." ती बघतच राहिली, अन् फोडतच राहिली. पुढच्या नावांत तिचं नाव आहे, फळ्यावर लिहिलंय.
दुसऱ्या फेरीत एक बार. खांदा हलला नाही. मी हात वर केला, पण त्याआधीच तिनं बंदूक उघडली होती. नळीतून पाहिलं. परत पाहिलं. मग बंदूक जमिनीवर ठेवून उभी राहिली.
पंच आले, गजानं बूच काढलं. "कुणी भरलीत ही काडतुसं?"
सु. म्हणाली, "मी."
तिचे ओठ मला दिसले. दोरीखालून वाकून आत गेलो. म्हटलं, साहेब, पोरगी खोटं बोलतेय. मी भरलीत.
पंच भला माणूस वाटला. सु.नं कानाची खूण केली तसा माझ्या उजव्या बाजूला येऊन मोठ्यानं बोलला, "हवालदार, एकच विचारतो. बाकीच्या पुंगळ्या भरायच्या आधी तपासल्या होत्या का? हो म्हणत असाल तर मुलीला खेळू देतो. नाही तर इथंच थांबवतो."
सगळं ऐकू आलं. कित्येक महिन्यांत इतकं स्वच्छ काही ऐकलं नव्हतं.
मी कानाला हात लावला. म्हणालो, "काय म्हणालात, साहेब?"
त्यानं परत विचारलं. मी परत, "आं?"
तो म्हणाला, "बरं, थांबा. लिहून विचारतो." अन् तंबूत गेला.
सु. शेजारी येऊन बसलीय. तिला कळलंय की मला ऐकू आलं होतं. माझ्या कानाशी तोंड आणून म्हणाली, "बाबा, हाव म्हणा. मी बघून मारीन."
पेटीत अजून बरीच शिल्लक आहेत. निम्मी धड असतील. कोणती, ते मला ठाऊक न्हाई.
पंच तंबूतून निघाला. हातात कागद आहे.