ज्याने बांधलं त्याच्या नावावर

मंगळवार, १४ जून

प्रिय हट्टी,

सप्रेम नमस्कार. इकडे सगळं ठीक आहे. आईचा गुडघा जिना चढताना कुरकुरतो, आई मात्र कुरकुरत नाही. तुझ्या बाबांचा डोळा आता बरा असेल ना? तू त्यांच्या ऑपरेशनसाठी गेली आहेस असंच मी इथे सगळ्यांना सांगितलं आहे, म्हणून विचारतो. शेजारच्या काकू परवा म्हणाल्या, "फारच मोठा डोळा दिसतोय." मी हसलो.

आता कामाची बातमी. मी हल्ली केबली ओढत नाही. नर्सिंग कॉलेजचा सर्व्हर सांभाळणारे आमचे मुख्य, ज्यांना सगळे अण्णा म्हणतात, त्यांनी नव्या विद्यार्थिनींची खाती उघडायचं काम मला दिलं. मी म्हटलं, माझी शाळा दहावीलाच सुटली. तर म्हणाले, "तू ऱ्हस्व-दीर्घ बघतोस तशी नावं बघ, पुरे."

काम असं. प्रत्येकीला एक नाव, एक पासवर्ड आणि सर्व्हरवर तिचा स्वतःचा फोल्डर. त्याला आमच्यात घर म्हणतात. तिने लिहिलेलं सगळं त्या घरात राहतं, समोरच्या कॉम्प्युटरात नाही. हे मला तोंडपाठ होतं, पण डोळ्यांनी पाहिलं नव्हतं. मागच्या आठवड्यात एक शिकवणाऱ्या बाई तळमजल्यावर टिपणं लिहीत होत्या. वाक्य अर्धं असतानाच काम बंद करून उठल्या, वरच्या मजल्यावर भलत्याच कॉम्प्युटरपुढे बसल्या, नाव टाकलं, आणि तेच अर्धं वाक्य तिथे आलं. "रुग्णाला उठवून बसवताना आधी" इतकंच. बाईंनी पुढचं लिहायला घेतलं, जणू पाणी पिऊन परत आल्या. मी दारातच उभा. बाई जिना चढून येईपर्यंत त्यांचं घर वर पोचलेलं होतं. त्यांनी विचारलं, "काही हवंय का?" मी म्हटलं, नाही, बघतोय. तू असतीस तर तुला तिथे हाताला धरून नेलं असतं.

यंदा सर्व्हरला नवी डिस्क बसवली, म्हणून नवी घरं मी हाताने बांधली. प्रत्येक घरात सुरुवातीच्या चार फाइली ठेवल्या, दारावर नाव घातलं, प्रत्येक नाव दोनदा वाचलं. काल मुली आल्या. एकीचंही दार अडलं नाही. आपण उघडलेल्या दारांतून इतकी माणसं आत जाताना बघणं काय असतं, ते मला लिहिता येत नाही.

मग लिहिलेलं साठवायची वेळ आली आणि कुणालाच काही ठेवता येईना.

एकीनेही आरडाओरडा केला नाही. सगळ्या आपापल्या पडद्याकडे बघत राहिल्या. खिडकीजवळची एक मुलगी एवढंच म्हणाली, "माझंच काहीतरी चुकत असेल," आणि पिशवी उचलायला लागली. ते वाक्य ऐकताच मी अण्णांना बोलावलं.

अण्णा आले, माझ्या खुर्चीत बसले.

"घरं झकास बांधलीस लेका. मालक कोण?"

"ज्यांची नावं दारावर आहेत त्या."

"नीट बघ."

बघितलं. प्रत्येक घराचा मालक म्हणून सर्व्हर चालवणाऱ्याचं खातं दिसत होतं. म्हणजे आम्हीच.

"पाटी लावून घर तिचं होत नाही," अण्णा म्हणाले. "ज्याने बांधलं त्याच्याच नावावर राहतं. मागाहून हातात द्यावं लागतं."

"पण आत तर जाता येतंय त्यांना."

"पाहुण्यालाही येतं."

मालक बदलायचा हुकूम लहानसाच आहे. तो दिला, आणि क्षणभराने खोलीभर कीबोर्ड वाजायला लागले. खिडकीजवळच्या मुलीने पिशवी खाली ठेवली. मी बाहेर जाऊन जिन्यावर बसलो.

तू मिठाची बरणी खिडकीकडे ठेवायचीस आणि आई ती परत फळीवर ठेवायची. आई विसरली तर मी ठेवायचो. मला वाटायचं, वस्तू जागच्या जागी असावी. तुझी पुस्तकं कॉटखालच्या खोक्यातच राहिली. तू जाताना "माझंच चुकत असेल" म्हणालीस, तेव्हा मला वाटलं, चला, भांडण मिटलं. इतका मी हुशार.

रात्री जेवताना आईला सांगितलं, की आम्हा दोघांसाठी वेगळी जागा बघावी म्हणतो.

"मी काय तिला हाकललं?"

"नाही आई. पण घर तुझं आहे. ती आत येऊन बसली फक्त."

आईने फळीवरच्या मिठाच्या बरणीकडे बघितलं. मग म्हणाली, "सासूबाई होत्या तोवर मीसुद्धा मीठ हलवलं नाही. त्या गेल्या, तेव्हा माझं झालं. कुणी दिलं नव्हतं रे." ताटातलं संपवलं आणि म्हणाली, "उजेडाच्या बघ. तिला वाचायला लागतं."

मी माझ्या आईला इतकी वर्षं ओळखत नव्हतो.

आज शिंप्याच्या दुकानावरच्या दोन खोल्या भाड्याने ठरवल्या. करार तुझ्या नावाने करायचा म्हटलं, तेव्हा घरमालक चष्म्यावरून बघायला लागला. "बाईंच्या नावाने? मग तुम्ही कोण?" मी म्हटलं, त्यांनी बोलावलं तर राहायला येईन. त्याला ती थट्टा वाटली. तुझ्या सहीची जागा मोकळी आहे. तुला नको असेल तर तो दुसऱ्याला देईल, तसं बोलून ठेवलं आहे.

आत मी काहीही ठेवलेलं नाही. खिळासुद्धा ठोकलेला नाही. फार वाटलं, निदान एक फळी लावावी. तसाच बाहेर आलो.

किल्ली सोबत पाठवतो. आमच्याकडे पहिला पासवर्ड आम्ही देतो, पण आत शिरताच तो बदलावाच लागतो, म्हणजे मग आम्हालाही तो ठाऊक राहत नाही. दाराचं कुलूप मी आणलेलं आहे. आलीस तर आधी ते बदल.

दाराबाहेर,
तुझा