निनला ओढ्यात सोडू नये

आधी चुकीची दुरुस्ती. डॉक्टरांनी माझं नाव शस्त्रक्रियेच्या यादीत घातलं तेव्हा, म्हणजे आमच्या थायी बौद्ध सनाच्या १९ फेब्रुवारी २५६८ रोजी, मी पहिलं मृत्युपत्र लिहिलं. त्याच्या चौथ्या कलमात असं म्हटलं होतं की माझा पहिला मासा बाबांनी टाकीचा हिटर बंद केल्यामुळे गारठून मेला. हे खरं नाही. हिटर चालू होता. पाणी हवं तेवढं गरम झालं की त्याचा लाल दिवा आपोआप विझतो, हे मला तेव्हा माहीत नव्हतं. विझलेला दिवा पाहून मी बाबांवर ओरडले. बाबा म्हणाले, "लागला असेल माझा हात."

मासा मी मारला. आमच्या घरी झुंजीचे मासे बाटल्यांत असतात. दर तिसऱ्या दिवशी बाटली रिकामी करायची, मिठाने घासायची, उन्हात वाळवायची, नवं पाणी भरायचं. बाटलीसाठी ते बरोबरच आहे. मी टाकीलाही तेच केलं. वाळू धुतली, स्पंज धुतला, झाडांची मुळंसुद्धा धुतली. माशाची घाण पचवणारे बारीक जीव वाळूत आणि स्पंजात वस्तीला येतात. ते दर तिसऱ्या दिवशी मीच धुऊन काढत होते. हे कळल्यावरही दहा महिने मी तो कागद तसाच ठेवला. तो आज रद्द करते.

मी चोंथिचा जायमा, घरचं नाव मेय, वय चोवीस, इन्सोम आणि चान्फोंग यांची मुलगी, या घरात चौथीच्या पुढे शिकलेली पहिली, बान मे फुंग गावच्या शाळेत मदतनीस शिक्षिका. माझ्या हृदयातली एक झडप बिघडली आहे. डोकं ठीक आहे. हे लिहिण्यासाठी माझ्यावर कोणाचाही दबाव नाही. दबाव आहे तो न लिहिण्याचा. जिवंतपणी मृत्युपत्र केलं की मरण घर विचारत येतं, असं सेंगला आत्या म्हणतात. दहा महिने एक मृत्युपत्र माझ्या पेटीत पडून होतं. कोणी घर विचारत आलं नाही.

१. बँकेतली शिल्लक आईला. माझ्या थोरल्या भावाच्या, नोपदादाच्या, पिकअपला नवे टायर घेण्यासाठी ती नाही. आईने स्वखुशीने दिली तर माझा इलाज नाही, पण तिने आधी तीन दिवस विचार करावा.

२. पुस्तकं शाळेला. ज्यांच्या समासात मी पेन्सिलीने लिहिलं आहे ती आधी खोडून द्यावीत. काही ठिकाणी माझं म्हणणं चुकलं आहे.

३. काचेची वीस लिटरची टाकी, झाकण, हिटर, तापमापक, स्पंजाची गाळणी, आणि आतला काळा मासा निन, हे सगळं बाबांना. हो, बाबांनाच. निन बाबांचाच होता. पहिल्याच झुंजीत त्याने पाठ फिरवली. पाठ फिरवणारा मासा आमच्याकडे बदकांना घालतात. मी तो मागितला तेव्हा बाबा म्हणाले, "घे. पळपुटा आहे, पण खातो चांगला."

टाकीत सोडण्याआधी मी पाच आठवडे नुसतं पाणी सांभाळलं. तळाला ओढ्याची वाळू, खडकावरून आणलेलं नेचं लाकडाला दोऱ्याने बांधलेलं, वर तरंगणारी पानं. रोज चिमूटभर खाणं टाकायचं, म्हणजे ते कुजून त्या बारीक जीवांचं पोट भरेल. नोपदादा रोज विचारायचा, "मासा कुठाय गं?"

"पाणी तयार होतंय."

"पाणी काय भात आहे, शिजायला?" आणि हिटर लावला त्या दिवशी त्याने आईला हाक मारली, "आई, तिखट आण! मास्तरीणबाई सूप करतायत!"

नोपदादाला माझी मोटरसायकल देते. हे सूप लक्षात ठेवून देते.

बाबांसाठी सूचना. पाणी सव्वीस-सत्तावीस अंशांवर असावं. आठवड्यातून एकदा चौथा हिस्सा पाणी बदलावं, जास्त नाही. नवं पाणी टाकीइतकंच कोमट असावं. पाणी काढण्याआधी हिटर बंद करून पाव तास थांबावं, नाहीतर कोरड्या हवेत तापून त्याची काच तडकते. स्पंज नळाखाली धरू नये. काढलेल्या पाण्यातच दोनदा पिळावा. नेच्याचं खोड वाळूत पुरू नये, कुजतं. झाकण लावावं, तो उड्या मारतो. पण पाण्यावर चार बोटं जागा सोडावी, तो वर येऊन श्वास घेतो. बदामाचं वाळलेलं पान घालावं. ते बाबांकडूनच शिकले, मला शिकवायची गरज नाही.

अट अशी की निनला पुन्हा झुंजवू नये.

४. निनला ओढ्यात सोडू नये. मी जिवंत असताना नाही, माझ्या अंत्यविधीला नाही, कोणाच्या पुण्यासाठी नाही. हे कलम सर्वांत महत्त्वाचं, म्हणून कारण लिहिते.

शस्त्रक्रियेसाठी चियांग मायच्या इस्पितळात दाखल होण्याची तारीख कळली. आत्यांनी देवळाचं कॅलेंडर काढलं आणि त्या दिवशी अशुभाची काळी खूण निघाली. तारीख पुढे ढकल म्हणाल्या. पुढची तारीख पावसाळ्यानंतरची आहे, आणि शाळेच्या बावीस पायऱ्या चढताना मी आत्ताच दोनदा बसते. मी नाही म्हटलं. तेव्हा त्यांनी तोड काढली.

"मग जाण्याआधी एक जीव मोकळा कर. तुझा लाडका. आवडीचा जीव सोडला की आपलं आयुष्य वाढतं."

"आत्या, जानेवारीत ओढ्याचं पाणी बर्फासारखं असतं. तासाभरात मरेल तो."

"ते त्याचं कर्म. सोडल्याचं पुण्य तुझं."

"म्हणजे त्याला मारून मी जगायचं?"

"एवढ्याशा माशासाठी आत्याला उलट बोलतेस? शाळेत हेच शिकवलं का?"

नोपदादा म्हणाला, "मासा सोडलास तर मी पिकअपने नेतो. नाहीतर त्या दिवशी गाडी हलणार नाही. मलाही माझा जीव प्यारा आहे."

मला भीती वाटते. दोन रात्री मला वाटलं, सोडावा. कोण जाणे, आत्यांचं खरं असलं तर? मग वाटलं, पहिला माझ्या अज्ञानाने मेला. हा माझ्या भीतीने मरू नये.

काल सकाळी मी टाकीतला तापमापक शोधत होते, सापडेना. बाबा ओढ्यावरून आले, पँट गुडघ्यापर्यंत भिजलेली. तापमापक त्यांनी आत्यांच्या ताटाशेजारी ठेवला.

"ताई, चौदा," ते म्हणाले. "पोरीच्या टाकीत सव्वीस आहे. बघून ये."

"तू पण तिच्यासारखा झालास?"

"मी तीस वर्षं मासे झुंजवलेत. हरलेला बदकांना घातला, ते माझ्या माथी. पण पुण्य म्हणून मासा मारायला मला जमणार नाही."

आत्या जेवण सोडून उठल्या. मग मी बाबांना हिटरच्या दिव्याचं खरं सांगितलं. ते म्हणाले, "ठाऊक होतं. वायर गरम होती." आणि भात वाढून घेतला.

५. सेंगला आत्यांना माझी लोकरीची शाल. त्यांचे गुडघे दुखतात. कॅलेंडर त्यांचं त्यांनी परत न्यावं.

बाबांना या पत्रातून मिळकत मिळते, म्हणून ते साक्षीदार होऊ शकत नाहीत. त्यांना ते पटलं नाही. "माझ्या पोरीची सही मी ओळखत नाही का?" म्हणाले. साक्षीदारांनी माझ्यासमोर, एकाच वेळी सह्या केल्या आहेत.

साक्षीदार: लमदुआन इंताविचाय, शिक्षिका.
साक्षीदार: पन सुयानोंग, शेवयांचं दुकान, शाळेसमोर.

बान मे फुंग, जिल्हा चियांग राय. रविवार, ४ जानेवारी २५६९.
सही: चोंथिचा जायमा

सहीखाली एवढंच, आणि त्यावरही साक्षीदारांच्या सह्या घेतल्या आहेत: पिकअप नको. आई सोबत येते आहे, बाबा टाकीपाशी राहणार आहेत. चियांग मायची सहाची बस मी पकडणार आहे, काळ्या खुणेच्याच दिवशी, मंगळवार, १३ जानेवारी २५६९.