दुरुस्ती मांडली नाही

ता. ९, सोमवार

ती. वन्संस,
सा. न. वि. वि.

पत्राला दोन दिवस उशीर झाला. कारण काही नाही, पेन हातात धरवलं नाही एवढंच.

काचकारखान्याच्या वसाहतीचं विधेयक शुक्रवारी सभागृहात एकेक खंड करून मताला आलं. अकराव्या खंडाला आपण सुचवलेली दुरुस्ती काही झाली नाही. कामगार वारला की घरच्यांनी तीस दिवसांत खोली रिकामी करायची, हे जसंच्या तसं राहिलं. आपण मागितलेली दोन वर्षं कागदावरच राहिली. पुढच्या आठवड्यात शुक्रवारी, वीस तारखेला, सबंध विधेयकावर शेवटचं मत होईल. बायकांना सांगा.

सदस्यांच्या वसतिगृहातल्या माझ्या खोलीतला नळ गळतो. तुमच्या भावाने सुतळी गुंडाळून पाच मिनिटांत त्याला गप्प केलं असतं. त्यांना जाऊन तीन वर्षं झाली, तरी काही मोडलं की मी आधी दाराकडे बघते.

तुमच्या ह्यांचा खोकला कसा आहे ते कळवा. माझ्यावर आहे ती माया राहू द्या.

आपली,
वहिनी


ता. १२, गुरुवार

चि. वहिनीस,
अ. उ. आ.

अगं, एवढं तोंड पाडून पत्र लिहितात का? युनियनच्या सेक्रेटरीने पाण्याच्या टाकीपाशी सगळ्यांना सांगितलं की आपली दुरुस्ती बहुमताने पाडली. म्हणजे तू त्या सगळ्या कोटवाल्यांपुढे एकटी उभी राहिलीस! समोरची शिवणवाली म्हणाली, भट्टीवाल्याची बायको ती, आच सोसायची सवयच आहे तिला. कारखान्याच्या वाचनालयात पुस्तकांना कव्हरं घालत बसणारी तू. तुला निवडून तिकडे धाडलं तेव्हा हीच बया म्हणाली होती की हिच्या तोंडून शब्द फुटेल तर शपथ. आता तीच तुझी वकील झाली आहे.

एक काम कर. सभागृहात बोललेलं सगळं छापून येतं असं तूच सांगितलं होतंस. तुझ्या भाषणाचं पान पाठव, बायकांना वाचून दाखवते.

ह्यांचा खोकला आहे तसाच. डॉक्टरांनी छातीचा फोटो काढला आणि आमच्याकडे न बघता त्या फोटोकडेच बघत राहिले. परवा मी कपाट मापून पाहिलं. ह्यांनी ते खोलीतच बसून बनवलं होतं, दारातून निघत नाही. तीस दिवसांत मी ते कसं काढणार कोण जाणे. जेवत जा वेळेवर. माझा जीव तुझ्यापाशी असतो.

तुझी,
वन्सं


ता. १४, शनिवार

ती. वन्संस,
सा. न. वि. वि.

भाषणाचं पान पाठवू शकत नाही. भाषण झालंच नाही. छापील कागदावर फक्त एवढं आहे: दुरुस्ती क्रमांक चार, मांडली नाही.

आधीच्या आठवड्यात मी हरकतीचा मुद्दा म्हणून उठले होते. अध्यक्ष म्हणाले, ही हरकत नव्हे, ही माहिती आहे, बसा. मागच्या बाकावरून कुणीतरी म्हणालं की बाईंना वाचनालय आणि सभागृह यांतला फरक समजावून सांगा. सगळे हसले. आपल्या बाजूचेही हसले.

सहा तारखेला अकरावा खंड आला. अध्यक्षांनी माझं नाव घेतलं. उठून मी दुरुस्ती मांडते एवढंच म्हणायचं होतं, चार शब्दही नाहीत. कागद हातात होता, तब्येत ठणठणीत होती. पण आधी मांडते म्हणायचं की आधी परवानगी मागायची, हे आठवेना, आणि ते हसणं कानात वाजायला लागलं. अध्यक्ष थांबले. माझ्याकडे बघितलं. मग मांडली नाही म्हणून पुढे गेले.

वन्सं, याहून वाईट पुढे आहे. अनुकूल असतील त्यांनी हो म्हणावं, असं त्यांनी विचारलं. आधीच्या दहा खंडांना मी सगळ्यांबरोबर हो म्हणत आले होते. अकराव्यालाही तोंडातून हो निघून गेलं. आवाजी मतात कुणाचं नाव लिहीत नाहीत, म्हणून हे मला सोडून कुणालाच ठाऊक नाही. तुमच्या भावाची बायको तीस दिवसांना हो म्हणाली.

दुरुस्ती पाडली ही थाप सेक्रेटरींना आपल्या पक्षाच्या प्रतोदांनी दिली, म्हणजे सभागृहात आम्हाला ओळीत ठेवणारे गृहस्थ. आणि मी पहिल्या पत्रात झाली नाही असं मोघम लिहून त्याच थापेच्या आडोशाला बसले.

काल कार्यालयातल्या जुन्या लेखनिकांनी नियम दाखवला. सभागृहाने नाकारलेली गोष्ट त्याच अधिवेशनात पुन्हा आणता येत नाही. मांडलीच नसेल, तर शेवटच्या मताआधी सभागृहाच्या संमतीने आणता येते. मात्र त्या सदस्याने उभं राहून सांगायचं की तेव्हा का मांडली नाही. म्हणजे मी लढून हरले असते तर दार बंद होतं. गप्प बसले म्हणून ते उघडं आहे. प्रतोद म्हणतात, चक्कर आली म्हणा, कोण विचारतंय. म्हणावं का तसं?

माझा लोभावर हक्क उरला असेल तर तो ठेवावा.

वहिनी


ता. १७, मंगळवार

वहिनीस,

आशीर्वाद लिहायला हात होत नाही, खोटं कशाला लिहू.

शिवणवालीने गल्लीभर तुझी फुशारकी मारली आणि मी माना डोलावल्या. ह्यांना पाठीशी उशी लावून बसवलं आणि तुझी शौर्यकथा ऐकवली. ते हसले, कितीतरी दिवसांनी. ते हसू मी आता परत कसं मागू?

चक्कर आली म्हणावं का, हे तू मला विचारतेस? मुकाट्याने हो म्हणालीस तेव्हा विचारलं होतंस? आता उत्तर तूच शोध. मी बायकांना काही सांगितलेलं नाही. ते काम माझं नाही.

खोकल्यात रक्त पडलं. कळवायचं म्हणून कळवते.

वन्सं


ता. २१, शनिवार

ती. वन्संस,
सा. न. वि. वि.

काल उभी राहिले. म्हटलं, त्या दिवशी मी जागेवर होते, मला काही झालं नव्हतं, माझं नाव पुकारलं गेलं, आणि लोक हसतील या भीतीने मी बसून राहिले. लेखनिक म्हणाले होते एवढं पुरे. मी पुढचंही सांगितलं, की अकराव्या खंडाला मी हो म्हणाले. लघुलेखकाने लिहिता लिहिता मान वर केली. कुणीतरी हसलं. त्याचं हसून होईपर्यंत मी थांबले.

संमती मिळाली. दुरुस्ती मांडली. आवाजी मत नको, नावानिशी मतं मोजा, अशी मागणी केली. सगळे उठून दोन दारांनी बाहेर गेले आणि दारात प्रत्येकाचं नाव लिहिलं गेलं. दोन वर्षं सात मतांनी पडली. मग मंत्र्यांनी स्वतःच एक वर्ष सुचवलं, ते मंजूर झालं.

आता ऐका, हे तुम्हाला दुसऱ्या कुणाकडून कळायला नको. सहा तारखेला त्यांच्या बाजूची बाकं निम्मी रिकामी होती. हजेरीचा कागद मी काढून बघितला. त्या दिवशी उठले असते तर दोन वर्षं मिळाली असती. मिळालेलं वर्ष सभागृहाने दिलं आहे. गेलेलं वर्ष मी घालवलं आहे.

पान सोबत जोडलं आहे. वाचायचं की नाही ते तुम्ही ठरवा. तुमच्या ह्यांना नमस्कार सांगा, सांगण्यासारखा वाटला तर.

वहिनी


ता. २५, बुधवार

चि. वहिनीस,
अ. उ. आ.

काल संध्याकाळी बायकांना पान वाचून दाखवलं. तू हो म्हणालीस ती ओळ गाळावी असं मनात आलं होतं. गाळली नाही. शिवणवाली मधूनच उठून गेली. टाकीजवळच्या म्हातारीने विचारलं की वर्ष कधीपासून धरायचं, माणूस गेल्या दिवसापासून का? मी हो म्हटलं, तर ती बोटांवर महिने मोजत बसली. कौतुक कुणी केलं नाही. शिव्याही दिल्या नाहीत. पुढच्या खेपेला तुला निवडायचं का, यावर मात्र चांगली जुंपली. मी त्यात पडले नाही, कारण मलाच ठरवता आलं नाही.

ह्यांना मी खरं काय ते सांगितलं. ते म्हणाले, इतक्या लोकांसमोर असं सांगणं मला जमलं नसतं. मी म्हटलं, तुम्हाला कुणी निवडून दिलं नव्हतं.

अधिवेशन संपलं की इकडे ये. भाषण तयार करून आणू नकोस. बायका विचारतील ते ऐकून घे आणि उत्तर नसेल तिथे नाही म्हण. मी तुझ्या शेजारी बसेन. तुझ्या वतीने बोलणार नाही.

लोभ आहे. दुखावलेला आहे, पण आहे.

तुझी,
वन्सं