सगळे "बघू" म्हणाले

शुक्रवार, मे महिना. वॉटफर्ड, इंग्लंड.

इरा हरली. थोडक्या मतांनी हरली, म्हणून जास्त चरफड होतेय. इथेच जन्मलेली माझी पोरगी, कौन्सिलच्या निवडणुकीला पहिल्यांदाच उभी राहिली. रोज ऑफिसातून येऊन आपल्या मराठी मंडळींची दारं वाजवायची. सगळ्यांनी आत बोलावलं, चहा पाजला, "किती छान मराठी बोलतेस गं!" म्हणून कौतुक केलं. आणि मताचं काय? "बघू हं." घरोघरी तेच.

"आई, सगळे बघू बोलले!" हे ती खुशीत सांगायची. अगं, तोंडावर नाही म्हणवत नाही, म्हणून आपण बघू म्हणतो! किती वेळा समजावलं. तिचं एकच, "माणसं खोटं कशाला बोलतील?"

मला राग नक्की कुणाचा आलाय? लोकांचा, की ह्या मेल्या शब्दाचा? सरळ नाही म्हणाले असते तर काय जीभ झडली असती?

मघाशी सोफ्यावर पाय पोटाशी घेऊन बसली होती. म्हणाली, "जाऊ दे आई. बाबाचं मत तरी मला मिळालं."

मी ह्यांच्याकडे पाहिलं. ह्यांनी टीव्हीचा आवाज वाढवला.

काल मी सकाळीच मत देऊन आले होते. जेवणं झाल्यावर ह्यांना म्हटलं, "अहो, पोलिंग स्टेशन बंद व्हायच्या आत जाऊन या." बाहेर भुरभुर पाऊस होता. ह्यांनी मानसुद्धा वर केली नाही. म्हणाले, "बघू."